इतिहासचित्रकाराचे घर

ऐतिहासिक कादंबरी वाचताना आपल्या डोळ्यांपुढे जे उभे राहते, त्यातले किती कादंबरीकाराचे असते आणि किती चित्रकाराचे, हा प्रश्न मराठी समीक्षेने फारसा विचारलेला नाही. वर्गात शिवकालावरचा उतारा शिकवताना मी कधीकधी विद्यार्थ्यांना राज्याभिषेकाचे वर्णन करायला सांगते. सिंहासन, छत्र, झुकलेल्या माना, पायघड्या, दरबारात दाटलेली पगड्यांची गर्दी हे तपशील जवळजवळ सर्वांच्या वर्णनात येतात. पुस्तकात ते असोत वा नसोत, मुलांनी ते पाहिलेले असतात. कुठे पाहिले, असे विचारले की दिनदर्शिका, पाठ्यपुस्तक, चित्रपट, शिवजयंतीचा फलक अशी उत्तरे येतात. या परंपरेतले एक मोठे नाव कोणते, हे मात्र क्वचितच कुणाला सांगता येते. ते नाव महादेव विश्वनाथ धुरंधर.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात झाला. १८९० मध्ये ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले, तिथेच शिक्षक झाले, पुढे मुख्याध्यापक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. १८९५ साली त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. सरकारने त्यांना ‘रावबहादूर’ केले. १ जून १९४४ रोजी ते वारले. पाठारे प्रभू घरांतले सणसमारंभ, मुंबईच्या रस्त्यांवरची माणसे, पौराणिक प्रसंग, पुस्तकांतील चित्रे, पोस्टकार्डे, जाहिराती आणि शिवचरित्रातील प्रसंग असा त्यांच्या कामाचा विस्तार आहे. राज्याभिषेकाच्या त्यांच्या दरबारचित्रात शंभरावर माणसे आहेत. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे नाव दिले. आयुष्य मोजताना त्यांनी जन्मापासूनची वर्षे धरली नाहीत. कलाशाळेचा उंबरठा ओलांडल्यापासूनची धरली.

हे सारे मी पुष्कळ उशिरा वाचले. चित्र मात्र आधीपासून घरात होते. माझे वडील गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवीत. चाळीतली खोली सोडून आम्ही चारकोपला राहायला आलो तेव्हा येथली वस्ती नुकतीच उभी राहत होती. जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने आखलेले छोटे भूखंड, त्यांवर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधलेली बैठी घरे आणि मधे सामाईक अंगण, असा तो सारा मामला होता. सामानात देवांच्या तसबिरींबरोबर राज्याभिषेकाचे एक छापील चित्रही आले. चौकट करणाऱ्याने कडा कापताना खालची सही कापून टाकली होती. पुढे तेच चित्र एका पुस्तकात सहीसकट पाहिले तेव्हा मी बाबांना चित्रकाराचे नाव आणि काळ सांगितला. आयुष्यभर दुसऱ्यांचा मजकूर जुळवणारा तो माणूस. त्यांनी चित्राकडे जरा वेळ पाहिले आणि विचारले, “म्हणजे हा तिथं नव्हताच. मग ह्यानं हे सगळं पाहिलं कुठं?”

प्रश्न साधा होता, परंतु इतिहासचित्राचे सारे शास्त्र त्यात आहे, असे मला वाटत आले आहे. त्याचे उत्तर शोधताना मी पोलंडपर्यंत जाऊन पोहोचले, अर्थात पुस्तकांतून.

यान मातेइको हा पोलंडचा सर्वांत नामवंत इतिहासचित्रकार. क्राकोव शहरातील फ्लोरियान्स्का रस्त्यावरच्या घरात तो १८३८ मध्ये जन्मला आणि त्याच शहरात १८९३ मध्ये वारला. त्याच्या हयातीत पोलंड नावाचे राज्यच नकाशावर नव्हते. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी १७९५ पर्यंत ते वाटून घेतले होते आणि १९१८ पर्यंत ते परत मिळायचे नव्हते. मातेइकोने १८७८ मध्ये पूर्ण केलेले ग्रुनवाल्डच्या लढाईचे चित्र जवळजवळ दहा मीटर रुंद आहे. १४१० साली ट्यूटनिक सरदारांच्या संघाविरुद्ध मिळवलेला विजय त्यात आहे. ज्या लोकांना राज्य नव्हते, त्यांना त्याने दरबार, तह, लढाया आणि राजांची एक संपूर्ण चित्रमालिका दिली. गंमत अशी की या ‘सर्वांत पोलिश’ चित्रकाराचे वडील मूळचे बोहेमियातून आलेले संगीतशिक्षक होते.

फ्लोरियान्स्का रस्त्यावरचे ते घर आज संग्रहालय आहे. मातेइकोच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत ते जतन करण्यात आले आणि १९०४ पासून ते क्राकोवच्या राष्ट्रीय संग्रहालयाची शाखा आहे. त्याच्या वापरातले सामान तर तिथे आहेच. शिवाय त्याने जमवलेली जुनी वस्त्रे, चिलखते, शस्त्रे आणि कलावस्तूही आहेत. १८६० मध्येच, म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने पोलंडमधील जुन्या पेहरावांचे चित्रपुस्तक काढले होते. कोणत्या शतकात कोणती बाही आणि कोणता कमरपट्टा, हे त्याला आधी ठाऊक असावे लागे. माझ्या बाबांचा प्रश्न कुणी त्याला विचारला असता, तर त्याने कपाटे उघडून दाखवली असती. चित्रकाराचे घर म्हणजे त्याच्या चित्रांच्या तळटीपा, असे मी म्हणते ते या अर्थाने.

तरीही मातेइकोची चित्रे म्हणजे घटनेची नक्कल नव्हे. पोलंडच्या पहिल्या फाळणीला मान्यता देणाऱ्या १७७३ च्या सभेवर त्याने १८६६ मध्ये ‘रेयतान’ हे चित्र काढले. त्या वेळी तिथे हजर नसलेल्या व्यक्तीही त्याने त्यात आणल्या, कारण त्याला फाळणीचे सारे अपराधी एका चौकटीत उभे करायचे होते. चित्रावर स्वदेशातच संताप उसळला. आपल्याच सरदारांनी देश विकला हे कुणाला पाहायचे होते? पुढे ते पॅरिसच्या प्रदर्शनात गौरवले गेले आणि विकत घेतले ते ऑस्ट्रियाच्या सम्राटाने, म्हणजे वाटणी करणाऱ्यांपैकीच एकाने. विदूषक स्तानचिकच्या १८६२ मधील विख्यात चित्रात तर मातेइकोने विदूषकाला स्वतःचा चेहरा दिला. मेजवानी चालू असताना राज्याच्या विनाशाची चाहूल लागलेला तो एकटा माणूस सोळाव्या शतकातला आहे. त्याची चिंता एकोणिसाव्या शतकातली आहे.

आता धुरंधरांकडे वळू. त्यांचे निवासस्थान खारला होते. ‘अंबासदन’ हे त्याचे नाव. कन्या अंबिका धुरंधर याही चित्रकार. १९१२ ते २००९ एवढे दीर्घ आयुष्य त्यांना लाभले आणि वडिलांच्या कामाचा वारसा त्यांनी दीर्घकाळ सांभाळला. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांचे मोठे प्रदर्शन झाले, तेव्हा त्यांच्या कामाचा आवाका पुन्हा एकदा लोकांसमोर आला. धुरंधरांच्या तळटीपा मला त्यांच्या अशा इतर कामात दिसतात. एडवर्ड्सच्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’साठी त्यांनी काढलेली मुंबईची माणसे किंवा रॉथफेल्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) मधील निरनिराळ्या जातीजमातींच्या स्त्रिया पाहाव्यात. पदर कुठून कुठे जातो, पगडीला किती वळ असतात, ओझे उचलताना मान कशी ताठते, हे सारे त्यांनी रस्त्यावर उभे राहून टिपले आहे. दरबाराचे म्हणाल, तर ते कोल्हापूरचे, छत्रपतींच्या वंशजांच्या संस्थानातले. मिरवणुका, सरदारांचे पेहराव, मुजऱ्याची रीत हे बालपणीच त्यांच्या नजरेत भरले असणार, असे मला वाटते. बाबांना मी हेच उत्तर दिले: सतराव्या शतकाचा दरबार त्यांनी पाहिला नाही, पण त्याच्या उरलेल्या खुणा पाहिल्या आणि त्यांवरून मागे चालत गेले.

येथे दोघांमधला फरकही नोंदवायला हवा. मातेइकोने आपल्या चित्रांतून राष्ट्राला जाब विचारला. धुरंधर सरकारी कलाशाळेतले नोकर होते. नवी दिल्लीच्या सचिवालयासाठी त्यांनी चित्रे केली आणि औंधच्या संग्रहालयात गेलेली शिवचरित्रातील चित्रेही केली. त्यांच्या राज्याभिषेकात आरोप नाही, सोहळा आहे. ६ जून १६७४ च्या त्या सोहळ्याला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. त्याच इंग्रजांच्या राज्यात पगार घेणारा माणूस स्वराज्याचे सिंहासन रंगवत होता, हे ध्यानात घेतले की त्या सोहळ्याचा सूर वेगळा ऐकू येतो. तो उघड बंडाचा नाही. परंतु निव्वळ शोभेचाही नाही. धुरंधरांना ‘कॅलेंडरवाले’ म्हणून बाजूला सारणाऱ्या समीक्षेने हा सूर ऐकलाच नाही.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये शिवाजी महाराजांचे अस्सल चित्र प्रसिद्ध केले, त्याआधी भलत्याच कुणाचे तरी चित्र महाराजांचे म्हणून चालत होते. एका चेहऱ्याचा पुरावा शोधायला बेंद्र्यांना परदेशी साधनांपर्यंत जावे लागले. आता संगणकाला चार शब्द सांगितले की महाराजांचा हवा तसा चेहरा, हवा तसा दरबार क्षणात तयार होतो आणि सकाळी चारकोपच्या प्रत्येक सोसायटीच्या मोबाइल गटात फिरू लागतो. विद्यार्थी मला ती चित्रे दाखवतात. ती झगझगीत असतात, प्रभावीही असतात. पण बाबांचा प्रश्न त्यांना विचारता येत नाही. हे कुठे पाहिलेस, याचे उत्तर देणारा माणूस त्यांच्यामागे नाही, त्याची कपाटे नाहीत, वही नाही, घर नाही.

धुरंधर चुकले असतील. त्यांचा एखादा दागिना, एखादी पगडी दोन शतके पुढची असेल. पण ती चूक आपल्याला शोधता येते, कारण तिच्यामागे एक नाव, एक काळ आणि पाहण्याची एक सवय आहे. म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच की, ऐतिहासिक कादंबरीवर लिहिताना कादंबरीकाराने वाचलेल्या बखरींची यादी करता, तशी त्याने लहानपणी भिंतीवर पाहिलेल्या चित्रांचीही करा आणि प्रत्येक चित्रापुढे चित्रकाराचे नाव लिहा. बाबा आता नाहीत. चित्राची चौकट मी नुकतीच बदलून घेतली आणि मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिले : म. वि. धुरंधर, कोल्हापूर आणि खार.