गच्चीवरून दिसणारा डोंगर

वर्धा जिल्हा म्हटला की सेवाग्राम, पवनार आणि कापसाची काळी रानेच डोळ्यांपुढे उभी राहतात. डोंगराची आठवण सहसा कोणास होत नाही. हिंगणघाट-देवळीकडील सपाटी पाहता ते स्वाभाविकही आहे. परंतु जिल्ह्याच्या उत्तर अंगास, आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांत आणि सेलूच्या वरच्या भागात सातपुड्याच्या शाखा उतरल्या आहेत. बोर धरणाभोवतीचे अरण्य १९७० मध्ये अभयारण्य आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. तेथे दूरदूरचे प्रवासी गाड्या करून येतात. पायथ्याकडील गावांतील घरांना मात्र ही डोंगररांग गच्चीवरूनच भेटते.

या डोंगरांचे माथे बहुधा सपाट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचले. पुढे पाण्याने त्यांस कोरले, पण कठीण थर वर टिकून राहिले. त्यामुळे दुरून पाहता ही रांग पट्टीने आखलेल्या रेषेसारखी भासते.

गणिताने पाहिले तर दहा मीटर उंचीच्या गच्चीवरून क्षितिज अकरा किलोमीटरांवर असते. पण सपाटीपासून दोनशे मीटर उठलेला माथा साठ किलोमीटरांवरूनही दृष्टीच्या टप्प्यात येऊ शकतो. आड येतात ती धूळ आणि धुके. वैशाखात उन्हाच्या झळांमध्ये डोंगर नाहीसाच होतो. श्रावणातील सर उघडली की धूळ खाली बसते आणि तोच डोंगर हाताच्या अंतरावर आल्यासारखा वाटतो. मधल्या हवेतून विखुरलेला प्रकाश त्यावर निळी छटा चढवतो. जवळ जावे तर निळेपण संपते आणि साग उरतो. म्हणजे हे सौंदर्य अंतराचेच आहे.

चातुर्मासात साधू-साध्वी एका ठिकाणी स्थिर राहतात, श्रावकही प्रवास आवरता घेतात. नेमक्या त्याच काळात दृश्य सर्वांत स्वच्छ असावे, हा मोठा सुंदर योग आहे. पावलांस मर्यादा घातली तरी दृष्टी अडत नाही. दिवाळीनंतर कापसाची आवक सुरू झाली की व्यापाऱ्याचे डोळे दिवसभर भाव आणि खतावणी यांतच गुंततात; त्यांना सायंकाळी दहा मिनिटे दूर पाहणे हा विसावाच होय.

मात्र हे धन कोणत्याही खात्यावर जमा नाही. १८८२ चा सुखाधिकार कायदा मध्य प्रांतास, अर्थात वर्ध्यासही, प्रारंभापासून लागू होता. त्यानुसार खिडकीतून येणारा उजेड व वारा वीस वर्षे निर्वेध उपभोगल्यास त्यावर हक्क सांगता येतो. दृश्यावर मात्र असा हक्क उत्पन्न होत नाही. सातबाऱ्यावर त्याची नोंद नाही, गहाणखतात किंमत नाही. शेजारच्या गच्चीवर एक मजला चढला, की पिढ्यान्‌पिढ्या दिसणारा डोंगर एका हंगामात नाहीसा होतो, आणि दाद मागण्यास जागा उरत नाही.

वाढत्या कुटुंबास खोल्या लागतात. बांधकाम थांबवा असे कोणी म्हणू नये. परंतु नकाशा काढताना जिना, पाण्याची टाकी कोणत्या कोपऱ्यात ठेवावी, एवढा विचार तरी करता येतो. जेथे कायदा संपतो तेथे शेजारधर्म सुरू होतो. उत्तरेची बाजू मोकळी राहिली, तर एका छोट्या बदलाने दोन घरांच्या पुढच्या पिढीसाठी डोंगर शिल्लक राहतो.