वरसईचा भटजी आणि मसूरची मुलं

प्रवासावरचं चांगलं काय वाचू, असं शिबिरातली पोरं विचारतात. मी दोन पुस्तकं सांगतो. पहिलं गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. भटजी आपल्या पनवेलशेजारच्या पेण तालुक्यातल्या वरसईचे. मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. लुटले गेले, हाल झाले. पण जात सांगितली की मान मिळे. (म्हणून टाकून देऊ नका, झाशीचं वर्णन वाचाच.)

दुसरं बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. १९०१ साली मसूर स्टेशनावर उतरलेली चांगल्या कपड्यांतली मुलं. जात कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा बदलला. बैलगाडी मिळाली दुप्पट भाड्यानं, तीही मुलांनीच हाकायची. गाडीवान बाजूनं चालणार. डबा भरलेला, पण पाणी कुणी देईना. मुलं उपाशी झोपली.

गेल्या पावसाळ्यात एका गडाखालच्या गावात आम्हाला आधी आडनाव विचारलं, मग ओंजळीत वरून पाणी ओतलं. तेव्हापासून कुठलंही प्रवासवर्णन हाती आलं की मी आधी बघतो, लिहिणाऱ्याला वाटेत आडनाव कुणी विचारलं का. धबधब्याचे फोटो नंतर.