हिवतापाची लस

कोल्हापूर जिल्ह्यातील कागल तालुक्यात बिद्री हे गाव आहे. भोवताली उसाचे मळे आणि त्यांत दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना. असा कारखाना उभारणे एकट्या लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे. पण अनेकांनी आपापला वाटा उचलला, म्हणून तो उभा राहिला. सहकाराचा हाच मार्ग आज एका जीवघेण्या रोगाविरुद्ध साऱ्या जगाच्या उपयोगी पडत आहे.

तो रोग म्हणजे हिवताप. त्याचे परोपजीवी जंतू डासाच्या शरीरात वाढतात, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे दाखवून दिले. शत्रू कोठे दडतो ते कळले. परंतु त्याच्यावर लस मिळण्यास सव्वाशे वर्षे लागली. असे का झाले?

एक तर हा जंतू मोठा बहुरूपी. डासाच्या दंशातून शिरताना त्याचे रूप एक, यकृतात वाढताना दुसरे आणि तांबड्या रक्तपेशींत तिसरे. शरीराने त्याला ओळखावे तरी कसे? शिवाय हा रोग मुख्यतः गरिबांचा. ज्यांना लस हवी, त्यांच्या हाती पैसा नाही. मग ती बनवण्यास कोण पुढे येणार? २०२३ साली हिवतापाने सुमारे ५,९७,००० बळी घेतले. त्यांत बहुतेक आफ्रिकेतील पाच वर्षांखालील बालके होती.

पहिली लस २०२१ साली मान्य झाली; पण तिचा पुरवठा तुटपुंजा होता. ऑक्सफर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी ‘आर-२१’ ही दुसरी लस घडवली. जंतूच्या आवरणातील प्रथिनाचा लहानसा अंश तिच्यात असतो. त्याची ओळख पटली, की शरीर खऱ्या शत्रूसाठी आधीच सज्ज होते. बुर्किना फासो आदी आफ्रिकी देशांतील आईबापांनी आपली मुले चाचणीसाठी पुढे केली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ही लस मोठ्या प्रमाणावर आणि स्वस्तात बनवण्याचे काम अंगावर घेतले. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली आणि १५ जुलै २०२४ रोजी आयव्हरी कोस्ट देशात बालकांना ती टोचण्यास प्रारंभ झाला.

तिच्या एका मात्रेची किंमत चार डॉलरांहून कमी. मात्रा मात्र चार घ्याव्या लागतात. गरीब मातेला तेवढेही जड. म्हणून अनेक राष्ट्रांचा व दात्यांचा निधी एकत्र करून ‘गॅव्ही’ ही संस्था लस विकत घेते. येथेही प्रत्येकाने वाटा उचललेला असतो.

लस टोचली म्हणजे मच्छरदाणी टाकून द्यावी, असे मात्र नाही. या लसीने प्रत्येक बालक वाचतेच असे नव्हे. शिवाय काळा आजारासारख्या गरिबांच्या इतर रोगांवर माणसांसाठी लस अजून यावयाची आहे. ते काम पुढील पिढीची वाट पाहत आहे.