आई, राजमा शिजतोय!

आमच्या घरी अंडीसुद्धा गॅलरीत, वेगळ्या पातेल्यात उकडतात. तीही दहावीच्या वर्षी डॉक्टरांनी मला खायला सांगितली म्हणून सुरू झाली. अशा घरातला मी, २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, कानटोपी घालून हरणाचं डोकं शिजवत उभा होतो!

झालं असं, की एक्स्चेंजच्या सेमिस्टरला मॅडिसनजवळ एका आजोबांच्या घरी खोली घेतली होती. तिकडे नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. पहिल्याच दिवशी आजोबांच्या सोळा वर्षांच्या नातवानं आपलं पहिलं हरीण मारलं. पांढऱ्या शेपटीचं, शिंगांना आठ टोकं. मांस फ्रीजरमध्ये गेलं. डोक्याचं 'युरोपियन माउंट' करायचं ठरलं, म्हणजे भुसा भरलेलं मुंडकं नव्हे, नुसती पांढरी स्वच्छ कवटी आणि शिंगं. ते काम आजोबांचं. पण त्यांचे हात आता थरथरतात. म्हणाले, "तू मेकॅनिकलचा ना? मग करशील."

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं आणि हो म्हणून बसलो.

आधी तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबलो. तिथल्या हरणांना मेंदू पोखरणारा एक रोग होतो. विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ साली याच भागात पहिल्यांदा सापडला. त्याला कारण असलेली प्रथिनं शिजवूनही नष्ट होत नाहीत. रिपोर्ट चांगला आला, तरी ग्लोव्हज घातलेच. कातडी, डोळे, जीभ, खालचा जबडा आजोबांनी सांगत सांगत माझ्याकडून काढून घेतलं. मेंदू मागच्या भोकातून, वाकवलेली तार आणि पाण्याचा पाइप वापरून. (जेवताना वाचत असाल तर माफ करा. मेसच्या भाजीशी तुलना मुद्दाम टाळतोय.)

मग अंगणात गॅसच्या शेगडीवर मोठं भांडं. पाण्यात धुण्याचा सोडा. शिंगं पाण्याबाहेर, फॉइलमध्ये गुंडाळलेली, नाहीतर त्यांचा रंग उतरतो. आणि आजोबांचा एकच नियम: पाणी खदखदता कामा नये. खळखळून उकळलं की चरबी हाडात मुरते, सांधे सुटतात. मी थर्मामीटर लावला, ८५ अंशांवर धरून ठेवायचं ठरवलं. म्हटलं, साधं प्रोसेस कंट्रोल आहे, त्यात काय!

तेवढ्यात आईचा फोन. तिकडे रविवारची रात्र, जेवणं आटोपलेली.

"अरे, कसला आवाज येतोय? काय शिजवतोयस?"

"राजमा."

"सोडा घातलास का? लवकर शिजतो."

सोडा घातलाच होता! खोट्याला खोटं जोडत मी राजम्याची रेसिपी ऐकत घरात शिरलो. कांदा, आलं, टोमॅटो, मग मावशीकडचं लग्न. वीस मिनिटांनी बाहेर येऊन बघतो तर भांडं धबाधब उतू चाललेलं. कवटी उचलली आणि नाकाची दोन लांबट हाडं अलगद पाण्यात पडली.

ती चाळणीनं शोधताना पोटात जो गोळा आला, तसा व्हायवाला पण आला नव्हता. दुसऱ्याच्या नातवाचं पहिलं हरीण! आजोबांना सांगितलं. त्यांनी हाडं तळहातावर उलटीसुलटी करून पाहिली, कागदात गुंडाळून खिशात टाकली. म्हणाले, "चिकटतील. पण पोराला तू सांगायचं."

पुढचे दहा दिवस भांडी घासायच्या लिक्विडच्या कोमट पाण्यात कवटी बुडवायची, तवंग आला की पाणी बदलायचं. हे काम कोणी फारसं सांगत नाही, पण चरबी राहिली तर काही महिन्यांत कवटी पिवळी पडते. शेवटी सलूनमध्ये केसांना लावतात ते ४० व्हॉल्यूमचं पेरॉक्साइड क्रीम ब्रशनं लावून, प्लास्टिकमध्ये एक दिवस गुंडाळून ठेवली. कपड्यांचं ब्लीच मात्र कधीच नाही. ते हाडच खातं. वाळल्यावर नाक चिकटवलं. (आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं हरणाची शिकार बंद आहे. तेव्हा होस्टेलमागे हा उद्योग नको!)

मी निघायच्या आधीच्या शनिवारी नातू आला. कवटी हातात घेऊन त्यानं नाकावरच्या रेषेवरून बोट फिरवलं. "गोळी इथं लागली नव्हती."

"नाही," म्हटलं, "तिथं माझ्या आईचा फोन लागला होता." आणि सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही. रेष पुन्हा एकदा पाहिली, कवटी गॅरेजच्या भिंतीवर टांगली, आणि मला खाली उभं करून फोटो काढला.

त्या रात्री तो फोटो आईला पाठवला आणि फोन केला. राजम्यापासून सगळं खरं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग आवाज आला,

"भांडं वेगळं होतं ना रे?"