म्युनिक ते बर्लिन, आणि परत

म्युनिकहून बर्लिन किती दूर, या साध्या प्रश्नास तीन उत्तरे आहेत आणि तिन्ही खरी आहेत: आकाशमार्गे सुमारे 500 किलोमीटर, मोटाररस्त्याने 585च्या आसपास आणि लोहमार्गाने 623. जाताना मी यांतले सर्वांत लहान अंतर पसंत केले, कारण विमान एक तास दहा मिनिटांत पोहोचते असा तिकिटावरच दाखला होता, आणि छापील अक्षरावर श्रद्धा ठेवण्याची माझी खोड जुनी आहे.

तो तास खराच निघाला. परंतु त्याच्या मागेपुढे जो लवाजमा चालत होता त्याचा तपशील तिकिटावर नव्हता. म्युनिकचा विमानतळ शहराच्या ईशान्येस इतका दूर आहे की मुख्य स्थानकापासून लोकलगाडीला सुमारे चाळीस मिनिटे लागतात. (चुंबकशक्तीने तरंगणाऱ्या गाडीने हेच अंतर दहा मिनिटांत तोडण्याचे स्वप्न बव्हेरियाचे तत्कालीन मुख्यमंत्री श्टॉयबर यांनी 2002 साली एका भाषणात इतके अडखळत रंगविले की, योजना 2008 मध्ये बारगळली तरी भाषणाची थट्टा मात्र टिकली.) पुढे झडतीची रांग, मग दाराशी तिष्ठणे, आणि बर्लिनचा 2020 साली सुरू झालेला विमानतळही गावाबाहेर, दक्षिणेस. बिऱ्हाडाचे दार ओढून घेतले तेव्हापासून बर्लिनच्या मुक्कामी पिशवी खाली ठेवीपर्यंत पावणेपाच तास उलटले होते.

तथापि कुरकुरण्यापूर्वी आठवावे की, जर्मनी दुभंगलेली असताना ही सरळ रेषा कोणासही मोकळी नव्हती. 1990 पर्यंत पश्चिम बर्लिनला अमेरिकन, ब्रिटिश आणि फ्रेंच विमानेच जात, तीही 32 किलोमीटर रुंदीच्या तीन नेमलेल्या वाटांनी. त्यामुळे म्युनिकहून निघणाऱ्यासही आधी वायव्येकडे वळून फ्रँकफर्टकडून येणारी वाट गाठावी लागे.

परतीस मी सर्वांत लांब अंतर निवडले, ते आगगाडीचे. सर्वांत जलद गाड्या ते चार तासांच्या आत कापतात, आणि आमच्या डेक्कन क्वीनला मुंबई-पुण्याच्या 192 किलोमीटरांस तीन तासांहून अधिक लागतात हे ध्यानी घेता मला तो आकडा प्रथम मुद्रणदोषच वाटला. हाले गेले, एरफुर्ट गेले, आणि थुरिंगियाच्या डोंगरात गाडी शिरताच, लहानपणी बोरघाटात जसे बोगदे मोजत असू तसे मोजण्याचा मी पण केला. या टापूत नव्या मार्गावर 22 बोगदे आणि 29 पूल आहेत. माझी मोजणी नवव्यापाशी फसली, कारण अंधार, दरी, पुन्हा अंधार यांची पालट बोटे दुमडण्यापूर्वीच होई. बोरघाटात बोगदा आला की ओरडून घ्यायला पोरांना अवधी सापडे. येथे आठ किलोमीटरांहून लांब असा ब्लेसबेर्गचा बोगदासुद्धा दोन मिनिटांत सरला. तो सरतो न सरतो तोच, 1989 पर्यंत जेथे काटेरी कुंपणाची सरहद्द होती, ती जागाही मागे पडली. मला ती दिसली नाही. देश एक झाल्यावर 1991 साली सरकारने ठरविलेला हा मार्ग पुरा व्हायला 2017चा डिसेंबर उजाडला. तोवर याच प्रवासास सहा तास लागत.

दारापासून दारापर्यंत मला सव्वाचार तास लागले, आणि त्यात एक झोपही झाली. आपण गेलात तर आगगाडीनेच जावे. मात्र खिडकीजवळची जागा आगाऊ राखून ठेवावी, कारण दुसऱ्या वर्गाच्या तिकिटात जागा धरलेली नसते, तिचे पैसे निराळे पडतात.