कुसळ पिवळं पडतं तेव्हा

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागायचं, चौफुल्याला उजवीकडे वळायचं आणि सुप्याच्या अंगाने माळावर चढायचं, हा माझा बावीस वर्षांचा शिरस्ता. दिवस आश्विन अखेरचे. पाऊस परतलेला असतो, गवत पिवळं पडायला लागलेलं असतं आणि धनगरांचे वाडे अजून कोकणात उतरलेले नसतात. या वेळी पिशवीत कॅमेऱ्याशेजारी एक मोठा प्रिंट होता. जुन्या स्लाइडवरून काढून घेतलेला.

पोचलो तेव्हा फटफटत होतं. माझी एक बाभूळ ठरलेली आहे. तिच्या बुंध्याला पाठ लावून पूर्वेकडे एक फोटो घ्यायचा, दर वर्षी तोच, त्याच उंचीवरून. मग बाकीचं काम. पहिल्या वर्षीच्या फोटोत समोर क्षितिजापर्यंत गवत आहे आणि मधोमध एक हिवराचं झाड. त्या वेळी मी तो फोटो सहज घेतला होता, उजेड बघायला. आज माझ्याकडच्या सगळ्या चित्रांत मला सर्वांत मोलाची वाटते ती ही मालिका. हिवर कधी गेलं, विजेचे खांब कोणत्या वर्षी आले, शेततळं कधी खोदलं, सगळं तिच्यात आहे.

फोटो घेऊन पोटावर पालथा पडलो. माळाचे फोटो उभ्याने निघत नाहीत. उभं राहिलं की सगळी जमीन सपाट, करडी दिसते; हनुवटी मातीला टेकली की तिथे डोंगरदऱ्या उघडतात. धाविक पक्ष्यांची एक जोडी समोरून चालत आली. चार पावलं तुरुतुरु धावायचं, थबकायचं, मान वाकवून काहीतरी टिपायचं, पुन्हा धावायचं. विटकरी छाती आणि डोळ्यावरून मागे गेलेली पांढरी पट्टी. पंधरा-वीस हातांवर येऊन ती वळली. मी जागचा हललो नाही. माळटिटवीची, धाविकाची अंडी उघड्या मुरमावरच असतात, तेव्हा या भागात एक पाऊलही खाली बघितल्याशिवाय टाकायचं नाही, हे मी पहिल्या दोन वर्षांत शिकलो.

उठलो तेव्हा मोजे कुसळांनी भरले होते. एक उपटून तळहातावर ठेवलं. बी काळपट, टोकाला सुईसारखं, आणि मागे पिळलेली लांब शेपटी. बाटलीतल्या पाण्याचा थेंब शेपटीवर सोडला आणि ती हळूहळू उलगडत फिरू लागली. वाळली की पुन्हा पिळते. रात्रीच्या दवाने उलगडत आणि दिवसाच्या उन्हाने पिळत हे बी स्वतःला जमिनीत रुजवून घेतं. मेंढीच्या लोकरीत शिरलं तर कातडीपर्यंत पोचतं. म्हणून कुसळ पिकायच्या आत चराई उरकायची मेंढपाळांची घाई असते. ज्या जमिनीच्या सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ म्हणून नोंद आहे, तिच्यावरच्या एका गवताच्या काडीत एवढं यंत्र आहे. या माळाला पडीक म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. इथे पाऊस कमी, मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि काळा पाषाण. अशा जागी गवतच यायचं. जंगल व्हायचं राहून गेलं म्हणून इथे माळ उरलेला नाही. तरीही त्याच्यावर सलग समतल चर खणून गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या जातात आणि त्याला हिरवळ म्हणतात.

लांडगा मला इथेच भेटला, तिसऱ्या वर्षी. रोलमध्ये चार फ्रेम उरल्या होत्या. सूर्य नुकताच वर आला होता आणि गवतातून गवताच्याच रंगाचं काहीतरी नाक खाली घालून, न थांबता, एका लयीत दुडकत येत होतं. साठेक पावलांवर त्याने मान उचलली. त्या पिवळट डोळ्यांत भीती नव्हती, रागही नव्हता. मी कोण हे त्याने पाहून घेतलं आणि वाट थोडी बदलली. दोन फ्रेम घेतल्या. उरलेल्या दोन तशाच राहिल्या, कारण मी नुसता बघत होतो. या खेपेला ओढ्याच्या वाळूत ठसे होते, पण ते लांडग्याचे म्हणायचं धाडस होईना. कोंबड्यांच्या शेडबाहेर मेलेली पिल्लं फेकतात, तिथे मोकाट कुत्र्यांचे कळप वाढलेत. त्यांचे रोग लांडग्यांना लागतात आणि आता त्यांच्याशी संकरही होतो आहे. गोळी न घालता एखादं जनावर असंही संपू शकतं.

वाडा सापडला तो दुपारी, ओढ्यापलीकडे. वाघरीत कोकरं, बाजूला चरणारी दोन घोडी, तीन दगडांची चूल. ज्यांच्यासाठी प्रिंट आणला होता त्या मावशी चुलीशीच होत्या. अठरा वर्षांपूर्वीचा फोटो: डोक्यावर बुट्टी, कडेवर कोकरू, शेजारी गळ्यात खिळ्यांचा पट्टा घातलेला कुत्रा. मी प्रिंट पुढे केला. त्यांनी हात लुगड्याला पुसले, दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, स्वतःचा तरुण चेहरा बघतायत.

“ह्यो माळ बघा की दादा,” त्या म्हणाल्या. त्यांचं बोट फोटोतल्या त्यांच्या खांद्यामागे होतं. “हितनं पार त्या टेकापतोर मोकळं व्हतं. आता डाळिंब हाय. तारंचं कंपाउंड घातलंय. मेंढरं कुठनं न्यायची?”

मग त्यांनी सुनेला हाक मारली, नातवाला बोलावलं आणि सगळ्यांना दाखवलं ते गवत. गुडघ्याच्या वर गेलेलं. नातू म्हणाला, एवढं असतं व्हय? अठरा वर्षं मी ते चित्र एका बाईचं चित्र म्हणून सांभाळलं होतं.

लांडगा येतो का, विचारलं. “येतू की. एखादं न्हेतू. त्येचा वाटा हाय त्यो,” मावशी म्हणाल्या, आणि भाकरी उलटली. दिवाळी झाली की वाडा घाट उतरणार. कोकणात भातं निघालेली असतात, शेतात मेंढ्या बसवल्या की खताच्या बदल्यात धान्य, पैसे मिळतात. परत येतील ते मृगाच्या तोंडावर.

पुढचा रस्ता भिगवणवरून. उजनीचं पाणी काठोकाठ होतं, रोहित पक्षी यायला अजून अवकाश होता, थांबलो नाही. १९८० साली हे धरण पुरं झालं आणि त्याच्या पाण्यामागोमाग सोलापूर जिल्ह्यात ऊस पसरला. शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा? दुष्काळ ज्याने भोगला त्याने पाणी आल्यावर ऊस लावला. पण ज्वारी-करडई-भुईमुगाच्या रानात वावरणाऱ्या माळढोक पक्ष्याला उसात जागा नाही.

नान्नजला पोचलो तेव्हा चार वाजले होते. १९७९ साली इथलं माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात तालुकेच्या तालुके, माणसांची शेतंभातं, घरं. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली आणि लोकांच्या मनात पक्ष्याबद्दलच अढी बसली. पुढे ते सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं. दरम्यान माळढोक जवळजवळ संपला. माझ्याकडे त्याचे अकरा फोटो आहेत. सर्वांत चांगल्या फोटोत नर गळ्याची पिशवी फुगवून उभा आहे, शेपूट पंख्यासारखी पाठीवर उलटलेली. मीटरभर उंचीचा तो पक्षी घुमला की आवाज छातीत ऐकू यायचा. मादी हंगामात सहसा एकच अंडं घालते. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे समोरची वीजतार उशिरा दिसते आणि जड अंगाने वळता येत नाही. देशात उरलेत ते दीडशेच्या आसपास, बहुतेक राजस्थानात.

वनरक्षकाबरोबर लपणात बसलो. माळढोक दिसेल का, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. ऊन उतरलं तसे भोवत्ये यायला लागले. मध्य आशियातून आलेले, लांब निमुळत्या पंखांचे. दिवसभर शेतांवरचे नाकतोडे वेचायचे आणि रात्री गवतातच जमिनीवर उतरून झोपायचं. एक आला, घिरटी घालून गवतात बुडाला. मग दोन. मग चारही दिशांनी. वनरक्षक वहीत रेघा ओढत होता. सत्तेचाळीसपर्यंत मोजले, पुढे अंधारात पंख वेगळे दिसेनात.

शेवटचा उजेड असताना मी तिपाई सरळ केली आणि समोरच्या गवताचा एक फोटो घेतला. त्यात एकही पक्षी दिसत नाही. मागे तारीख लिहिली, लपणाची जागा लिहिली, कॅमेऱ्याची उंची लिहिली.