आप्पांचा बिनवायरचा खटका आणि फोकसखालचं हिरवं सोयाबीन

यंदा आखाड्यावरच्या घरात एक बिनवायरचा डिमर बसवलाय. शहरात लोक असले डिमर हॉलमधला उजेड मंद करून टीव्ही बघायला लावतात. आपल्याकडं त्याचं काम वेगळं निघालं. सोयाबीनवाल्यांनी वाचावं असं त्यात बरंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमचं घर शेतातच. ओसरीपुढं अंगण, अंगणाला लागून खळं आणि खळ्याच्या कडेपासून सोयाबीन. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या आखाड्यावर एका बाईला रात्री घोणस चावली. बाहेर जायला उठली होती, हातात बॅटरी नव्हती. वेळेवर दवाखान्यात नेलं, लसीच्या बऱ्याच बाटल्या लागल्या, बाई वाचली. त्या आठवड्यात आसपासच्या सगळ्या आखाड्यांवर फोकस लागले. आम्हीही ५० वॅटचा पांढरा एलईडी फोकस खांबावर चढवला. अंधार पडला की चालू, उजाडलं की बंद.

फोकसानं धीर आला, पण त्याच्यामागून तीन गोष्टी आल्या.

पहिली आप्पांच्या डोळ्यांची. आप्पांचं वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही मोतीबिंदूंची ऑपरेशनं झालेली. रात्री दोन-तीनदा उठतात. अंधाऱ्या खोलीतून एकदम त्या पांढऱ्या झोतात आलं की क्षणभर काहीच दिसत नाही म्हणायचे, आणि नेमकी तिथंच ओसरीची पायरी. म्हातारपणी कमरेचं हाड मोडणं काय असतं ते ज्यांच्या घरात झालंय त्यांना सांगायला नको.

दुसरी किड्यांची. प्रकाश सापळा आपण शेतात लावतोच, हा दारातला सापळाच झाला. पावसाळ्यात फोकसखाली किड्यांचा सडा, तो खायला बेडूक आणि बेडकांच्या मागं कोण येतं ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे सापाच्या भीतीनं लावलेला दिवा सापाच्या जेवणाचं ताट वाढत होता! पांढऱ्या-निळसर उजेडाकडं किडे जास्त येतात, पिवळ्याकडं कमी. हे पुस्तकात आहेच, दोन दिवे शेजारी लावले तर कोणालाही दिसेल.

तिसरी सोयाबीनची. मागच्या वर्षी सगळं रान पिवळं पडून पानं गळाली, शेंगा वाळल्या, काढणीला मजूर ठरले. आणि खळ्याच्या कडेच्या बारा ओळी अर्धगोल आकारात हिरव्यागार. गुडघ्याच्या वर वाढलेल्या, पानं गच्च, शेंगा कमी आणि कोवळ्या. कोणी म्हणालं तिथं पाणी मुरतं, कोणी म्हणालं शेणखत जास्त पडलं, कोणी व्हायरस म्हणालं. आमच्या ओळखीचे एक कृषी सहायक आले, दोन मिनिटं उभे राहिले आणि पिकाकडं न बघता वर खांबाकडं बघायला लागले. तिथून सगळा उलगडा झाला.

सोयाबीन हे लहान दिवसाचं पीक. खरं तर ते दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. अखंड अंधाराचे तास ठराविक मर्यादेपेक्षा वाढले की पानातून फुलोऱ्याचा निरोप जातो. दिवसाच्या लांबीवर फुलोरा ठरतो हे गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली मांडलं, आणि त्यांच्या अभ्यासातल्या पिकांत तंबाखूबरोबर सोयाबीनच होतं. बिलॉक्सी नावाचं वाण त्यांनी मागंपुढं पेरलं. पेरा वेगळा असूनही फुलं जवळपास एकाच सुमाराला आली. झाड वय बघत नव्हतं, रात्र बघत होतं. पुढं हेही कळलं की लांब रात्रीच्या मधोमध थोडा वेळ उजेड पाडला तरी झाडाला ती रात्र तुटल्यासारखी वाटते. पानातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य लाल उजेड ओळखतं, आणि पांढऱ्या एलईडीत लाल असतोच. पौर्णिमेचं चांदणं अर्धा लक्ससुद्धा भरत नाही. फोकसखालच्या ओळींवर त्याच्या कितीतरी पट उजेड रात्रभर पडत होता. त्या बारा ओळींच्या लेखी पावसाळा संपलाच नव्हता. वाणानुसार हे कमी-जास्त होतं, आमचं केडीएस ७२६ होतं.

नुकसान किती? क्षेत्र दोनच गुंठे, म्हणजे फार तर चाळीस-पन्नास किलो. पण त्या हिरव्या ओळी बाकीच्यात मळल्या असत्या तर हिरवे दाणे, ओले देठ आणि ओलावा सगळ्या ढिगात गेला असता. हमीभाव खरेदीला १२ टक्के ओलाव्याची अट, २०२४ च्या हंगामात ती १५ पर्यंत शिथिल केली होती. व्यापारी तर मूठभर हिरवे दाणे दिसले की पोत्यामागं कापायला तयारच. म्हणून त्या ओळी वेगळ्या ठेवल्या आणि जनावरांना घातल्या.

मग फोकस बंद करायचा? माय म्हणाली, "सोयाबीन गेलं तर चालंल, माणूस नको जायला." तिचं बरोबर होतं. पण दिवा रात्रभर जळलाच पाहिजे असंही नव्हतं. पाहिजे तेव्हा, पाहिजे तेवढा आणि पाहिजे तिथं उजेड मिळाला की झालं. पुण्यात वायरिंगची कामं करणारा आमचा पुतण्या आहे, त्याला हे सांगितलं. तो डिमर घेऊन आला.

आप्पांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला. "ह्याला वायर कुठंय रं?"

वायर नाहीच. त्यात दोन भाग असतात. एक खटका, नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या सेलवर चालणारा, दुहेरी चिकटपट्टीनं कुठंही चिकटवायचा. आमचा आप्पांच्या खाटेच्या उशाला आहे, झोपल्या जागेवरून हात पोचतो. दुसरा भाग काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, तो स्विचबोर्डाच्या मागं बसतो आणि दिव्याची खरी लाईन त्यातून जाते. खटका दाबला की रेडिओ लहरींनी निरोप जातो, बोर्डातला भाग दिवा कमी-जास्त करतो. मोबाईल स्टार्टरनं मोटर चालू करणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. फरक एवढाच की इथं सिमकार्ड नाही, रिचार्ज नाही आणि पल्ला घरापुरता.

डिमर ही वस्तू तशी जुनी. लोखंडी पेटीतले पंख्याचे जुने रेग्युलेटर आठवा, हात लावला तर चटका बसायचा. ते जास्तीची वीज उष्णतेत जाळायचे. १९५९ साली जोएल स्पिरा या अमेरिकी माणसानं वीज न जाळता तिची लाट कापणारा डिमर केला. आपल्या विजेची लाट सेकंदाला पन्नास फेऱ्या मारते. प्रत्येक अर्ध्या फेरीचा थोडा तुकडा कापला की दिव्याला वीज कमी पोचते. तारेच्या बल्बला हे सहज पचायचं, तार तापलेलीच राहायची. एलईडीचं तसं नाही. त्याच्या आत ड्रायव्हर असतो, आणि तुकडे केलेली वीज त्याला समजली नाही तर दिवा लुकलुकतो, गुणगुणतो किंवा लवकर मरतो. म्हणून बल्बच्या खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलेलं बघूनच घ्या. आमच्या बाजारपेठेत तीन दुकानं फिरलो. दोघांना शब्द माहीत नव्हता, तिसरा म्हणाला सगळेच होतात. सगळेच होत नाहीत. शेवटी पुतण्यानं पुण्याहून ९ वॅटचे पिवळ्या उजेडाचे बल्ब आणले.

आता घ्यायचाच असेल तर दुकानात काय विचारायचं? मी म्हणेन, पहिला प्रश्न रंगाचा नाही आणि मोबाईल ॲपचाही नाही. इंटरनेट नसताना खटका दाबला तर दिवा लागतो का, हे विचारा. काही वस्तूंचा निरोप आधी वायफायवर, तिथून कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरवर आणि मग परत तुमच्या दिव्याकडं येतो. आखाड्यावर रेंज जाते, मग आप्पांनी काय करायचं? खटका आणि बोर्डातला भाग यांची थेट जोडी लागणारा प्रकारच घ्या. आमचा झिगबीवर चालतो. दोन फूट दगडी भिंतीतून आठ-नऊ मीटरवर निरोप नीट जातो. गोठ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये मात्र जात नाही. पत्रा या लहरी अडवतो, तिथं साधा वायरचा स्विचच बरा.

दुसरा प्रश्न, लाईट जाऊन परत आली की दिवा कशा अवस्थेत येतो? पुण्या-मुंबईच्या माणसाला हा प्रश्न सुचणारच नाही. काही स्मार्ट दिवे लाईट आली की पूर्ण ताकदीनं लागतात. रात्री दोनला लाईट येऊन अंगण उजळलं आणि सगळे झोपेत असले तर पहाटेपर्यंत सोयाबीनची रात्र पुन्हा तुटली. ‘आधी होता तसाच ठेव’ अशी सोय असते, ती आहे का ते बघून लावून घ्या.

तिसरी गोष्ट आपल्या विजेची. थ्री फेज रात्रपाळीला आली की डीपीवरच्या सगळ्या ऑटो स्टार्टरच्या मोटरी एकदम उठतात आणि व्होल्टेज बसतं. अगदी मंद ठेवलेला दिवा त्या क्षणी विझतो नाहीतर फडफडतो. आम्ही सगळ्यात कमी उजेड पंधरा टक्क्यांवर बांधून ठेवला, त्रास गेला. आणि डीपीवर न्यूट्रल तुटलं तर घरातल्या २३० च्या जागी चारशेच्या घरात व्होल्टेज येऊ शकतं. साधा एमसीबी त्याला अडवत नाही. जास्त व्होल्टेजला लाईन तोडणारं संरक्षण आणि नीट अर्थिंग या दोन गोष्टींवर आधी पैसे घाला, डिमर नंतर. बोर्डात न्यूट्रल आहे का हेही वायरमनकडून बघून घ्या. जिथं बोर्डावर सॉकेट आहे तिथं बहुतेक असतंच. न्यूट्रलशिवाय चालणारे डिमर मिळतात, पण दिवा बंद केल्यावरही त्यातून बारीक करंट जातो आणि एलईडी अंधुक पेटत राहतो.

पुतण्या हालचाल ओळखणारा सेन्सरही लाव म्हणत होता. तो अंगाच्या उष्णतेवर चालतो. आमच्या उन्हाळ्यात हवाच अंगाएवढी तापते, तेव्हा त्याला माणूस नीट दिसत नाही. कुत्रं गेलं तरी दिवा लागतो, आणि साप गेला तर बहुधा लागत नाही. मी नको म्हटलं.

सध्याची मांडणी अशी. ओसरीला दोन पिवळे बल्ब, प्रत्येकावर पत्र्याची टोपी, उजेड खाली पायरीवर आणि अंगणातच पडेल अशी. आप्पा उठले की उशाचा खटका दाबतात, दिवा मंद लागतो. दाबून धरला की हळूहळू वाढतो, तेवढ्यात डोळे सरावतात. पांढरा फोकस खांबावर आहेच, पण काही खुडबुड ऐकू आली तरच लावतो. भिंतीवरचा वायरचा स्विच काढलेला नाही. "सेल संपला तर?" हा आप्पांचा पहिल्याच दिवशीचा प्रश्न होता. उशाखाली बॅटरीही आहे, आणि मण्यार झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते म्हणून खाट आणि मच्छरदाणी कोणताही दिवा असला तरी सोडत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सोयाबीनला वाचवलं असेल तर ते डिमरनं कमी आणि पत्र्याच्या टोपीनं जास्त. मंद उजेडही पिकावर रात्रभर पडत राहिला तर झाडाला कळतो. रानाकडं उजेड जाऊ न देणं आणि नको तेव्हा दिवा पूर्ण बंद ठेवणं, हे शंभर रुपयांत होतं. डिमर आप्पांच्या डोळ्यांसाठी आहे आणि तिथं तो पैसे वसूल आहे. वीजबिलात म्हणाल तर ५० वॅटचा फोकस अकरा तास म्हणजे महिन्याला साडेसोळा युनिट, ते जवळपास सगळे वाचले. शेवंतीवाले आणि हिवाळ्यात ड्रॅगन फ्रूटला दिवे लावणारे मुद्दाम रात्र तोडतात. त्यांना डिमर नको, चांगला टायमर पुरतो.

यंदा पेरणी जूनच्या शेवटी झाली, वाण तेच. खळ्याच्या कडेच्या बारा ओळींना फुलं बाकीच्या रानाच्या दोन-तीन दिवस मागंपुढं लागली. आता शेंगा भरतायत आणि बांधावरून फरक दिसत नाही. तरी काढणीला त्या ओळी वेगळ्या कापून वेगळ्या मळणार आहे. दोन्हींचा ओलावा आणि शंभर दाण्यांचं वजन मोजून इथं टाकीन. कोणाच्या रानात रस्त्याच्या दिव्याखाली असा हिरवा पट्टा राहिला असेल तर खांबापासून तो किती पावलं लांब गेलाय ते मोजून ठेवा, आणि वाणाचं नावही लिहून ठेवा.